आठ फुटी डोम घरच्या घरी, आपल्या आकाशासाठी आणि आपल्या पावसासाठी

नेटवर दुर्बिणीच्या डोमचे (फिरत्या गोल घुमटाचे) जे प्लॅन मिळतात ते बहुतेक युरोप-अमेरिकेतले असतात, जसेच्या तसे उचलू नका. तिकडे ध्रुवतारा क्षितिजापासून 40-50 अंशांवर असतो, पुण्यात साधारण 18.5 वर, म्हणजे भिंत जरा उंच झाली की ध्रुव गेला, आणि मग माउंट (दुर्बीण ज्यावर फिरते ती बैठक) अलाइन कशावर करणार? 8 फुटी डोममध्ये मधून भिंत 4 फुटांवर येते, म्हणून दुर्बीण रिंगच्या (डोमच्या बुडाशी, भिंतीवर फिरणाऱ्या गोल कड्याच्या) सव्वा फुटापेक्षा खाली जाता कामा नये. हे आधी कागदावर काढा आणि मगच विटा आणा.

सुरुवात पिअरने, म्हणजे दुर्बीण उभी राहते त्या खांबाने करा. अडीच फूट खड्डा, सळ्या, काँक्रीट, आणि खोलीची फरशी त्याला कुठेच टेकू द्यायची नाही, चारी बाजूंनी इंचभर फट ठेवायची, नाहीतर नुसता पाय हलवला तरी आयपीसमध्ये शनी थरथरतो.

खरी मेहनत रिंगची. 12 एमएम मरीन प्लायचे कमानीसारखे तुकडे कापायचे, दोन थर, वरच्या थराचे जोड खालच्या जोडांवर येऊ द्यायचे नाहीत. माझी पहिली रिंग अर्धा इंच लंबगोल झाली होती आणि डोम प्रत्येक फेरीत बरोब्बर एकाच जागी अडायचा, शेवटी सगळी खोलून परत केली. त्यामुळे मध्ये खिळा ठोकून त्याला न ताणणारी तार बांधा आणि गोंद सुकायच्या आत सगळीकडून माप घ्या. भिंतीवर 8 चाकं वर तोंड करून, शिवाय 4 आडवी, म्हणजे रिंग सरकत नाही. वळवाच्या वाऱ्यात डोम उचलला जातो, तेव्हा रिंगखाली अडकणारे लोखंडी हूक हवेतच.

डोमच्या पाकळ्या 12, अॅल्युमिनिअमच्या पत्र्याच्या. बुडाशी रुंदी 25 इंच, 25 इंच वर गेल्यावर पावणेबावीस, 50 इंचांवर साडेबारा, 75 वर टोक. ही निव्वळ मापं आहेत, एकमेकांवर चढवायला प्रत्येक कडेला इंचभर जास्त पत्रा ठेवा. आधी पुठ्ठ्याची एक पाकळी कापून डोमच्या सांगाड्याच्या फासळ्यांवर लावून बघा, पत्रा वाया गेला की जीव तुटतो.

स्लिट (आकाश बघायची डोममधली फट) 2 फूट रुंद, रिंगपासून सुरू होऊन डोक्याच्याही फूटभर पलीकडे गेलेली. वृषभ-मिथुनेतले ग्रह आपल्याकडे जवळजवळ डोक्यावरून जातात, तिथेच पत्रा आडवा आला तर सगळी मेहनत वाया.

पाऊस आडवा येतो म्हणून रिंगला बाहेरून 6 इंच पत्र्याची झालर सोडा, शटर (स्लिटचं झाकण) स्लिटच्या दोन्ही कडांवर चांगलं चढलेलं हवं, प्रत्येक रिव्हेटवर सिलिकॉन, बाहेरून पांढरा रंग. मग पहिल्या जोरदार पावसात आत टॉर्च घेऊन बसा, थेंब दिसेल तिथे खडूने खूण करा, सुकलं की भरा, पुढच्या पावसात परत बसा. दुर्बीण त्यानंतरच आत न्या.