जर्मनीत खोली शोधताना पुण्यातल्या सवयी पुण्यातच ठेवा

ऑगस्ट लागला की माझ्या फोनवर एकाच छापाचे मेसेज यायला लागतात. "ताई, ॲडमिशन झालं, व्हिसा झाला, तिकीटही काढलं. फक्त रूम राहिलीये." या 'फक्त'वर मी दरवर्षी कपाळाला हात लावते, कारण मीही हेच म्हणत श्टुटगार्टला उतरले होते.

पुण्यात खोली कशी मिळते? ब्रोकरला फोन करायचा, संध्याकाळी गाडीवरून तीन-चार जागा बघायच्या, आवडली तर टोकन द्यायचं आणि अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट करायचं. पैसे तयार असले की काम होतं. जर्मनीतल्या विद्यापीठांच्या शहरांत पैसे तयार असलेले पन्नास जण एकाच खोलीसाठी रांगेत असतात, आणि त्यातून एकाला निवडलं जातं. आपल्या मुलांच्या बहुतेक चुका हा फरक लक्षात न आल्यामुळे होतात.

टोकन पाठवणं

सगळ्यात महागडी चूक हीच, म्हणून आधी सांगते. जाहिरातीत मध्यवस्तीतली सुंदर सजवलेली खोली असते आणि भाडं बाजारापेक्षा बरंच कमी. घरमालक म्हणतो, मी सध्या परदेशात आहे, त्यामुळे घर दाखवता येणार नाही. तुम्ही डिपॉझिट आणि पहिल्या महिन्याचं भाडं पाठवा, किल्ली कुरियरने येईल. सोबत पासपोर्टची प्रतही मागतो, आणि विश्वास बसावा म्हणून स्वतःचीही पाठवतो. ती आधीच्या एखाद्या फसलेल्या विद्यार्थ्याची असू शकते. पुढे तुमचा पासपोर्टही असाच कुणाला तरी दाखवला जातो.

खोली स्वतः किंवा ओळखीच्या कुणीतरी जाऊन पाहिल्याशिवाय, निदान व्हिडिओ कॉलवर दारापासून खिडकीपर्यंत लाइव्ह दाखवल्याशिवाय आणि करार हातात पडल्याशिवाय एक सेंटही पाठवू नका. जाहिरातीतले फोटो गूगलच्या इमेज सर्चमध्ये टाकून ते आणखी कुठे सापडतात ते पाहा. तोच सोफा तुम्हाला दुसऱ्या देशातल्या एखाद्या हॉटेलच्या पानावर सापडेल. खातं जर्मन असलं, म्हणजे आयबॅन क्रमांक 'डीई'ने सुरू होत असला, तरी निर्धास्त होऊ नका, कारण खाती भाड्यानेही मिळतात. पैसे गेलेच असतील तर लाजत बसू नका. त्याच तासाला बँकेला कळवा आणि पोलिसांत तक्रार करा. ती ऑनलाइनही होते.

ब्रोकरचीही एक गंमत आहे. २०१५ पासून जर्मनीत भाड्याच्या घरासाठी ज्याने दलाल नेमला त्यानेच त्याची फी द्यायची असा कायदा आहे. मालकाने नेमलेल्या दलालाने तुमच्याकडे कमिशन मागितलं, तर नाही म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

शंभर जणांना एकच मेसेज

"रिस्पेक्टेड सर, आय ॲम फ्रॉम पुणे, इंडिया, काइंडली प्रोव्हाइड मी रूम." हा मेसेज वे-गेमध्ये, म्हणजे चार-पाच जण मिळून राहतात त्या सामायिक घरात, कुणी शेवटपर्यंत वाचत नाही. तिथे 'सर' नसतोच. असते एखादी तेवीस वर्षांची मुलगी, आणि तिला फक्त एवढंच जाणून घ्यायचं असतं, की हा माणूस सकाळी बाथरूममध्ये किती वेळ घालवेल आणि ओटा पुसेल का.

जाहिरात पूर्ण वाचा. कित्येक जण मजकुराच्या मधेच एखादा शब्द पेरून ठेवतात आणि 'उत्तरात हा शब्द लिहा' असं सांगतात. तो नसला की तुमचा मेसेज थेट बाद. घरातल्यांनी स्वतःबद्दल काही लिहिलं असेल तर त्याला धरून दोन ओळी लिहा. आपण काय शिकतो, काय खातो, रात्री जागतो की पहाटे उठतो, हे खरं खरं सांगा. पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात शिकलेलं ए-वन, म्हणजे अगदी पहिल्या पातळीचं, मोडकंतोडकं जर्मन इथे खरंच कामी येतं. पहिल्या चार ओळी जर्मनमध्ये आणि बाकी इंग्रजीत चालतं. चॅटजीपीटीकडून लिहून घेतलेलं अस्खलित जर्मन मात्र टाळा, कारण भेटीत पाचव्या सेकंदाला पितळ उघडं पडतं.

विद्यार्थी वसतिगृहं चालवणाऱ्या श्टुडिएरेन्डनवेर्ककडे अर्ज करायला उशीर करू नका. म्युनिकसारख्या शहरात प्रतीक्षायादी काही सेमिस्टर लांब असते. तिथल्या ऑलिंपिक व्हिलेजमधली, १९७२ साली महिला खेळाडूंसाठी उभारलेली आणि नंतर नव्याने बांधलेली ती रंगीत छोटी घरं सगळ्यांनाच हवी असतात. काही ठिकाणी यादीत टिकून राहायला 'मला अजून खोली हवी आहे' असं ठरावीक काळाने कळवावं लागतं. त्याची आठवण देणारी ईमेल स्पॅममध्ये गेली आणि नंबर गेला, अशी मुलं मी पाहिली आहेत.

काकांच्या पत्त्यावर नोंदणी

आपल्याकडे पत्ता लागतो तेव्हा काकांचा देतात. जर्मनीत ते चालत नाही. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगरपालिकेत नोंदणी, म्हणजे आनमेल्डुंग, करावी लागते आणि त्यासाठी 'हा माणूस खरंच माझ्या घरात राहायला आला आहे' असं घर देणाऱ्याचं लेखी पत्र लागतं. त्या पत्राचं जर्मन नाव उच्चारताना एका श्वासात दम लागतो. प्रत्यक्ष न राहता नुसता पत्ता पुरवणं बेकायदा आहे आणि त्यासाठी ५०,००० युरोपर्यंत दंड होऊ शकतो. तेव्हा व्हॉट्सॲपवर कुणी दीडशे युरोत आनमेल्डुंग विकत असेल तर तिकडे फिरकूही नका.

खरी अडचण चक्राची आहे. अनेक बँका खातं उघडायला नोंदणी मागतात. खातं नसेल तर ब्लॉक्ड अकाउंटमधले, म्हणजे व्हिसासाठी आधीच भरून ठेवलेले आणि दरमहा थोडे थोडे मिळणारे पैसे सुटत नाहीत, आणि पैसे नसतील तर घर कसं मिळणार? हे चक्र फोडायचं तर पहिले दोन-तीन महिने त्स्विशेनमीटे घ्या, म्हणजे कुणी इंटर्नशिपला गेल्यामुळे तात्पुरती रिकामी झालेली खोली. फक्त पैसे देण्याआधी एक प्रश्न विचारा: इथे आनमेल्डुंग करता येईल ना? उत्तर गुळमुळीत आलं तर पुढे चला.

भाड्याचा आकडा

जाहिरातीत काल्टमीटे मोठ्या अक्षरात असतं. ते नुसत्या जागेचं भाडं. त्यात हीटिंग, पाणी, कचरा वगैरे मिळवलं की वार्ममीटे होतं. वीज आणि इंटरनेट बहुतेकदा त्याहून वेगळं. टू बीएचके समजून टू-रूमच्या जाहिरातीवर उडी मारू नका, कारण तिथे हॉलही खोलीत मोजतात. दोन खोल्या म्हणजे आपला वन बीएचके. किचन वेगळं धरतात, पण ते असेलच असं नाही. कित्येक रिकाम्या फ्लॅटमध्ये ओटा, सिंक, शेगडी काहीच नसतं, नुसत्या भिंतीतून पाइप बाहेर आलेले असतात.

डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या काल्टमीटेइतकं घेता येतं, आणि ते तीन समान हप्त्यांत द्यायचा हक्क कायद्याने तुम्हाला दिला आहे. हे मागायला लाजू नका. सप्टेंबर २०२४ पासून व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये ११,९०४ युरो दाखवावे लागतात, आणि त्यातून महिन्याला ९९२ सुटतात. समजा काल्टमीटे ४०० आणि वार्ममीटे ५०० आहे. पहिल्या महिन्यात ५०० भाडं, ४०० डिपॉझिटचा हप्ता आणि वर आरोग्य विमा, म्हणजे ९९२ कधीच संपले आणि अजून तुम्ही पातेलंही घेतलेलं नाही. ब्लॉक्ड अकाउंटच्या बाहेर दीड-दोन हजार युरो वेगळे ठेवूनच निघा.

मालक शुफा, म्हणजे तिथला सिबिल स्कोर, मागतो तेव्हा घाबरू नका. नव्या माणसाकडे तो नसणारच. तसं सरळ सांगा आणि ब्लॉक्ड अकाउंटचं पत्र, प्रवेशपत्र आणि स्कॉलरशिप असल्यास तिचा कागद द्या.

राहायला गेल्यावर

पहिल्याच दिवशी प्रत्येक ओरखड्याचा फोटो काढा आणि ताबा देतानाच्या कागदावर तो लिहून घ्या. थंडीत खिडक्या बंद, कुकरच्या शिट्ट्या आणि खोलीतच वाळत घातलेले कपडे, या तिन्हींमुळे भिंतीला काळी बुरशी धरते, आणि तिचा दोष भाडेकरूच्या माथी येतो. डिसेंबरातही दिवसातून दोन-तीनदा पाच-दहा मिनिटं खिडक्या सताड उघडा. फोडणी देताना तर उघडाच, नाहीतर स्मोक अलार्म आधी बोंबलतो आणि मग शेजारी.

नोंदणीनंतर रेडिओ-टीव्हीच्या शुल्काचं पत्र येतं: दर घरामागे महिन्याला १८.३६ युरो. फसवणूक समजून ते फाडू नका. वे-गेमध्ये एकानेच भरायचं आणि बाकीच्यांनी वाटून घ्यायचं.

घर सोडायचं असेल तर साधारण तीन महिन्यांची नोटीस लागते, आणि ती कागदावर सहीनिशी. व्हॉट्सॲपवर 'आम्ही पुढच्या महिन्यात जातोय' एवढं कळवून माझ्या एका मित्राने तीन महिन्यांचं भाडं घालवलं. वसतिगृहांचे नियम वेगळे असतात, ते करारात पाहा. आणि सुट्टीत गावी जाताना खोली दुसऱ्याला द्यायची असेल तर मालकाची परवानगी आधी घ्या.

ऑक्टोबर लागला आणि छप्पर नाही, असं झालंच तर विद्यापीठाच्या इंटरनॅशनल ऑफिसला आणि विद्यार्थी संघटनेला गाठा. सेमिस्टरच्या सुरुवातीला काही शहरांत तात्पुरत्या झोपण्याची सोय केली जाते. शिवाय शोधाचं वर्तुळ मोठं करा. विद्यार्थ्यांच्या तिकिटावर लोकल गाड्यांचा प्रवास होत असेल तर आखेनसाठी ड्युरेन किंवा म्युनिकसाठी आउग्सबुर्ग वाईट नाही. रोज ठाण्याहून व्हीटीला जाणाऱ्यांच्या मुलांनी तरी यावर तक्रार करू नये.

आणि खोली मिळाल्यावर किल्ली हातात पडताच खाली पत्रपेटीवर आपलं आडनाव लावा. तिथे बऱ्याच इमारतींत फ्लॅटला नंबरच नसतो, पोस्टमन नाव बघून पत्र टाकतो. मी लावलं नव्हतं. माझं बँकेचं कार्ड दोनदा परत गेलं, आणि तिसऱ्यांदा मी बँडेजच्या पट्टीवर बॉलपेनने आडनाव लिहून चिकटवलं. दोन वर्षं ते तिथेच होतं.