सा सिता म्हणजे बारा!

टांझानिया-केनियात स्वाहिलीत सांगितलेली वेळ आपल्या घड्याळापेक्षा सहा तास वेगळी असते. तिथे दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजतात, त्यामुळे सकाळचे सात म्हणजे ‘सा मोजा’, पहिला तास. टांझानियातल्या अरुशा शहरात आमच्या बसच्या तिकिटावर ‘सा १२’ लिहिलं होतं. आम्ही आरामात नाश्ता करून, साडेअकराला, शिस्तीत स्टँडवर हजर! बस पहाटे सहालाच गेली होती.

उपाय सोपा आहे. काटेवाल्या घड्याळात सांगितलेल्या आकड्याच्या बरोबर समोरचा आकडा वाचायचा. १ च्या समोर ७, ४ च्या समोर १०, १२ च्या समोर ६. मिनिटं तीच राहतात. ‘सा म्बिली ना नुसु’ म्हणजे दोनवर अर्धा, म्हणून साडेआठ.

पुढचा शब्दही ऐका: ‘असुबुही’ सकाळ, ‘म्चाना’ दुपार, ‘जिओनी’ संध्याकाळ, ‘उसिकु’ रात्र. ‘सा सिता म्चाना’ म्हणजे सहाच्या समोरचे, भर दुपारचे बारा. (सीतेचा काही संबंध नाही, सिता म्हणजे सहा.)

एक मात्र सांभाळा. समोरचा माणूस इंग्रजीत बोलत असेल तर त्याने बहुतेक वेळा सहा तासांचा हिशोब आधीच केलेला असतो. आपण पुन्हा केला की परत घोळ. म्हणून तिकीट काढताना मोबाइलवर वेळ टाइप करून दाखवा आणि विचारा, ‘सकाळी की संध्याकाळी?’