मॉप आणि गॉजचा हिशेब: थिएटरमध्ये या चुका टाळा

पोट शिवायला घेतलं आणि एक मॉप (रक्त टिपायचा कापडी तुकडा) मोजणीत कमी भरला, की सर्जन म्हणतात, "सिस्टर, पुन्हा मोजा." मोजायलाच हवं. पण मोजणी चालू असताना इकडे टाके पुढे सरकत राहतात, ही सगळ्यात मोठी चूक. आकडा जुळेपर्यंत सुई थांबली पाहिजे. सर्जनने हाताने पोटाचे चारही भाग, यकृताच्या मागची जागा आणि ओटीपोट चाचपावं. त्याच वेळी सर्क्युलेटिंग सिस्टरने (टेबलाबाहेर राहून सामान पुरवणाऱ्या) बादली, जमिनीवर पडलेले ड्रेप (रुग्णावर पांघरायची निर्जंतुक कापडं) आणि टेबलाखालची जागा पाहावी. मावशींनी कचऱ्याची पिशवी बाहेर नेली असेल तर ती परत मागवावी. तरीही मॉप सापडला नाही, तर रुग्ण टेबलावर असतानाच एक्स-रे काढावा.

एक्स-रे उपयोगी पडतो तो मॉपमध्ये एक्स-रेवर दिसणारी बेरियमची पट्टी असेल तरच. आपल्याकडे अनेक लहान हॉस्पिटलांत आजही तागा आणून गॉज (जाळीदार सुती कापड) कापतात, मॉप शिवतात आणि ड्रममध्ये भरून ऑटोक्लेव्ह करतात, म्हणजे दाबाच्या वाफेने निर्जंतुक करतात. त्यात ही पट्टी नसते, त्यामुळे "एक्स-रे क्लिअर आहे" या वाक्याला काहीच अर्थ उरत नाही. पोटाच्या ऑपरेशनांसाठी तरी पट्टीचे मॉप विकत घ्यावेत, असं माझं ठाम मत आहे. हा वाचवण्याचा खर्च नव्हे. ते येईपर्यंत निदान प्रत्येक मॉपला शिवलेली नाडी (कापडी बंद) जखमेबाहेर ठेवून तिला आर्टरी फोर्सेप्स (चिमटा) लावा. पट्टीचा गॉज कधी कापू नका, कारण कापलेल्या तुकड्यात पट्टी येईलच असं नाही. शेवटच्या ड्रेसिंगलाही तो वापरू नका, नंतरच्या एक्स-रेमध्ये घोळ होतो.

आकडा जुळला म्हणून निर्धास्त होणं ही त्याहून लपलेली चूक. सर्जन अतुल गवांदे आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये शरीरात वस्तू राहून गेलेल्या ५४ रुग्णांचा अभ्यास मांडला. मोजणी झालेल्या अशा प्रकरणांपैकी ८८ टक्क्यांत शेवटचा आकडा बरोबर धरला गेला होता! म्हणजे चूक मोजणीतच होती. पाचाच्या गठ्ठ्यात चार किंवा सहा निघतात. गठ्ठा न सोडवता मोजला तर ते कळणार कसं? दोघांनी, मोठ्याने, एकेक सुटा करून मोजायचं आणि लगेच फळ्यावर लिहायचं. सुरुवातीला, गर्भाशयासारखी पोकळी बंद करण्याआधी, पोट बंद करण्याआधी आणि त्वचा शिवताना. मध्येच सिस्टर बदलली तर पुन्हा. याच अभ्यासात तातडीच्या आणि आयत्या वेळी बदललेल्या ऑपरेशनांत धोका जास्त दिसला, आणि घाईत मोजणी वगळली जाते ती नेमकी तिथेच.

बाळंतपणानंतर टाके घालताना योनीमार्गात ठेवलेला गॉज तर कोणाच्या मोजणीतच नसतो. लेबर रूमलाही फळा हवा.

रक्त किती गेलं हे नजरेने सांगू नका. भिजलेल्या मॉपच्या वजनातून कोरडं वजन वजा करा. एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिली. सलाइनमध्ये ओला करून दिलेला मॉप असेल तर तो ओला असतानाचं वजन आधी घ्या. आतड्यांवर कोरडा मॉप ठेवू नका, तो चिकटून वरचा थर खरवडला जातो. कोमट सलाइनमध्ये भिजवून पिळून द्या.

रक्त थांबवणाऱ्या साहित्यात सरसकट एकच रीत चालत नाही. जिलेटिन स्पंज सलाइनमध्ये भिजवलेला चालतो, सर्जिसेल (सेल्युलोजची रक्त थांबवणारी जाळी) मात्र कोरडंच द्यायचं. त्याच्या आम्लतेमुळे थ्रोम्बिन (रक्त गोठवणारं औषध) निकामी होतं, म्हणून सर्जिसेल आणि थ्रोम्बिन एकत्र वापरू नका. हाडाच्या अरुंद जागेत, मणक्यात किंवा नसेजवळ सर्जिसेल फुगून दाब आणतं. रक्त थांबल्यावर तिथून काढून घ्या. हाडातलं रक्त थांबवायला लावायचं मेण, म्हणजे बोन वॅक्स, शरीरात विरघळत नाही आणि हाड जुळून येण्याच्या आड येतं, म्हणून अगदी पातळ थर पुरे.

पोटात सर्जिसेल मुद्दाम ठेवलं असेल तर कुठे आणि किती ते ऑपरेशन नोटमध्ये लिहा. काही दिवसांनी ताप आला आणि सीटी स्कॅन झाला, तर हवेचे बुडबुडे धरलेलं सर्जिसेल हुबेहूब गळवासारखं दिसतं, आणि ती नोंद नसेल तर रुग्णाचं पोट विनाकारण पुन्हा उघडलं जाऊ शकतं.