ब्रेक दाबला की डावा इंडिकेटर गप्प: जुन्या पद्मिनीतला दोष कसा शोधावा

वडिलांची प्रीमियर पद्मिनी, म्हणजे लोकांच्या तोंडची फियाट गाडी, १९७८ची, कुर्ल्याच्या कारखान्यातली. ऑगस्ट २०१९च्या महापुरात आमच्या सांगलीच्या अंगणात ती सीटपर्यंत पाण्यात उभी होती. नंतर दोन वर्षं सुटी होऊन पडली आणि पत्रा, इंजिन, वायरिंग, रंग असं सगळं नव्याने होऊन घरी आली. रंग इतका देखणा की शेजारची पोरं हात लावायला बिचकत. पहिल्याच फेरीत विश्रामबागेच्या चौकात मागचा मोटारसायकलवाला ओरडला, "ओ मावशी, साइड तरी द्या!" मी दिली होती की. पण ब्रेकवर पाय पडला की डावा इंडिकेटर लुकलुकायचाच थांबत होता.

गॅरेजवाल्याने फ्लॅशर, म्हणजे इंडिकेटर लुकलुकवणारी डबी, बदलला. दोष तसाच. पुन्हा गेले तर म्हणाला, "मॅडम, नवा फ्लॅशरच डुप्लिकेट लागला असणार," आणि तिसरा बसवला. मी वीज मंडळात मीटर टेस्टिंगला एकतीस वर्षं काढली आहेत. तिसऱ्या फ्लॅशरचे पैसे देऊन गाडी घरी आणली आणि मल्टिमीटर घेऊन स्वतःच बसले.

आधी करंटची वाट डोक्यात पक्की करा. बॅटरीचा प्लस, इग्निशन स्विच, फ्यूज, फ्लॅशर, स्टिअरिंगखालची इंडिकेटरची दांडी, मग बल्ब. बल्बमधून होल्डर, होल्डरमधून पत्रा आणि पत्र्यावाटे परत बॅटरीचा मायनस. म्हणजे जायला वायर आहे, यायला मात्र गाडीचं अंगच वायर. जुन्या, गंजक्या गाडीत हा परतीचा रस्ता कसाबसा चालू असतो. रिस्टोअर करताना आपण त्याच्यावर प्रायमर आणि रंगाचे थर चढवतो, आणि दिव्याचा होल्डर त्या चकचकीत थरावर स्क्रूने आवळतो. रंगातून करंट जात नाही. तो बिचारा स्क्रूच्या दोन-चार आट्यांतून जमेल तसा परततो.

ब्रेक दाबल्यावर काय होतं ते पाहा. मागच्या एका दिव्यात पार्किंग, ब्रेक आणि इंडिकेटर या तिघांना अर्थ (इंग्रजीतला 'अर्थ', म्हणजे पत्र्याकडची ही परतीची जोडणी) एकच. तो कच्चा असला की ब्रेकचा करंट परतीला दुसरी वाट शोधतो: इंडिकेटरच्या फिलामेंटमधून उलटा शिरून डाव्या बाजूच्या वायरने थेट पुढच्या दिव्यापर्यंत, आणि तिथल्या चांगल्या अर्थमधून खाली. म्हणून खूण अशी: दांडी मधोमध ठेवा, ब्रेक दाबा, आणि कुणाला तरी पुढे उभं करा. माझा भाचा पुढे उभा होता. "आत्या, डावा इंडिकेटर मिणमिणतोय," म्हणाला. निदान तिथेच निम्मं झालं. पार्किंग लावल्यावर इंडिकेटर मंद होणं, एक दिवा लावला की दुसरा उगाच उजळणं, ही सगळी त्याच कुळातली लक्षणं. अशा वेळी फ्लॅशरला हात लावू नका.

यानंतर बहुतेक जण मल्टिमीटर बीपवर लावून होल्डर ते पत्रा तपासतात. बीप वाजतो आणि अर्थ चांगला आहे असा निष्कर्ष निघतो. इथेच फसगत आहे. बीप पंधरा-वीस ओहमलाही वाजतो, आणि त्या तपासणीत मीटर जेमतेम मिलिॲम्पिअरभर करंट सोडतो. २१ वॅटचा एक बल्ब १२ व्होल्टवर पावणेदोन ॲम्पिअर घेतो. ब्रेक आणि इंडिकेटर एकदम लागले की त्याच रस्त्याने साडेतीन ॲम्पिअर परतायला हवेत. तिथे दोन ओहमचा अडथळासुद्धा दिव्याचा जीव काढतो. अर्थ तपासायचा तर दिवा पेटलेला असताना, व्होल्टमध्ये.

मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. काळी पिन बॅटरीच्या मायनसच्या खांबावरच, त्याला आवळलेल्या क्लॅम्पवर नाही. लाल पिन पेटलेल्या बल्बच्या होल्डरच्या धातूवर. ब्रेक दाबून ठेवायला माणूस बसवा. आदर्श आकडा शून्याच्या जवळ. पाव व्होल्टच्या आत असला तर सोडून द्या. माझ्याकडे ४.३ आला. बारातले चार व्होल्ट परतीच्या वाटेवरच खर्ची पडत होते. खात्रीसाठी ब्रेक दाबलेलाच ठेवून डावा इंडिकेटर लावा आणि एक लांब वायर घ्या, एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं होल्डरला टेकवा. दिवा झटकन उजळून लुकलुकायला लागला तर चोर सापडला.

दुरुस्तीला मन घट्ट करावं लागतं, कारण नवा रंग खरवडायचा असतो. बॅटरीचा मायनस सोडा. दिवा काढा आणि स्क्रूच्या भोकाभोवती आतल्या बाजूने, जिथे दिसणार नाही तिथे, रुपयाएवढी जागा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा. मी त्यावरही विसंबले नाही. दोन्ही मागच्या होल्डरना एकेक काळी वायर जोडली, डिकीत उघड्या पत्र्यावर दातेरी वॉशर घालून बोल्टने आवळली आणि वर व्हॅसलीन फासलं. आकडा ०.०८ वर आला. बॅटरीपासून बॉडीला आणि इंजिनला जाणारी जाड पट्टीही सोडून, घासून परत लावा. तिथला रंग कुणालाच आठवत नाही.

पुराच्या गाडीत आणखी एक भानगड. जुन्या वायरिंगचा एखादा तुकडा तसाच ठेवला असेल तर त्याचं टोक सोलून पाहा. तांबं हिरवं-काळं पडलं असेल तर पाणी कव्हरच्या आतून वर चढलेलं असतं. अशी वायर सोलत बसू नका, बदला. माझ्याकडे डिकीकडे जाणारी एकच वायर नव्या टेपमध्ये गुंडाळून "नवी" केलेली निघाली.

अर्थ ठीक असूनही दिवे लुकलुकत नसतील तर मग फ्लॅशर. त्याच्यावर बहुतेक बी, एल आणि पी असतात: आत येणारा करंट, दांडीकडे जाणारा, आणि डॅशबोर्डवरच्या छोट्या दिव्याचा. इग्निशन चालू करून बी आणि एलमध्ये वायरचा तुकडा लावा, दांडी डावीकडे करा. दिवे स्थिर पेटले तर फ्लॅशर गेला. नाही पेटले तर बीवर बारा व्होल्ट येतात का बघा. येत नसतील तर फ्यूज: जुन्या फियाटचे निमुळत्या टोकांचे फ्यूज दिसायला धड असतात, पण चिमट्यात गंजून बसतात. जागच्या जागी गोल फिरवले तरी कधी कधी जीव येतो. व्होल्ट येत असतील तर दोष दांडीच्या आतल्या स्विचच्या पॉइंटमध्ये.

एकाच बाजूचा ताल बदलला तर आधी बल्ब. जुन्या, आत तार तापून चालणाऱ्या फ्लॅशरला दोन्ही बल्बचं पूर्ण ओझं लागतं. एक गेला की कुठे दिवा पेटूनच राहतो, कुठे ताल बिघडतो. पाच वॅटचा बल्ब चुकून बसवला तरी तेच. म्हणून या फ्लॅशरवर एलईडी लावले की तो रुसतो. एलईडी हवेच असतील तर ई हे टोक असलेला इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर घ्या, आणि ते ई उघड्या पत्र्यालाच जोडा, रंगावर नको. ताल मिनिटाला ६० ते १२० वेळा असावा. मोबाइलच्या घड्याळावर पंधरा सेकंद मोजून चौपट करा.

वळताना फ्यूज उडत असेल तर नवे फ्यूज जाळत बसू नका. इंडिकेटरचे चारही बल्ब काढा, फ्लॅशरच्या बी-एलला वायर लावा आणि फ्यूजच्या जागी दोन वायरींनी २१ वॅटचा बल्ब जोडा. त्या फ्यूजवरचं बाकी सगळं बंद ठेवा. दांडी टाकल्यावर तो बल्ब लख्ख पेटला तर त्या बाजूची वायर पत्र्याला शिवतेय. मग स्टिअरिंग हळूहळू फिरवा, वायरिंग हाताने हलवत चला. बल्ब विझला ती जागा. बहुतेकदा स्टिअरिंगच्या नळीत किंवा डिकीत, जिथे वायर पत्र्याच्या भोकातून जाते आणि रबराची चकती परत बसवायची राहून गेलेली असते.

आणि इंजिन मंद चालू असताना दिवे जरा पिवळट दिसले तर घाबरू नका. माझ्या गाडीला डायनामो आहे. इंजिन मंद असताना तो बॅटरी चार्ज करत नाही, डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवा मिचमिचतो. या सगळ्या मापण्या इंजिन बंद ठेवून, भरलेल्या बॅटरीवर करायच्या. सुरुवातीला खांबांवर १२.६ व्होल्टच्या आसपास नसतील तर आधी बॅटरी चार्जिंगला लावा, तोवर चहा घ्या.