खटक्याचं शाईपेन घेताना या चुका टाळा

अधूनमधून कोणीतरी माझ्यापुढे एक पेन आणून ठेवतं आणि म्हणतं, "बघा हो, निब खराब निघाली." मी निबेकडे बघतच नाही. खटका दाबतो, सोडतो, पेन उजेडाकडे धरतो आणि त्याच्या तोंडात डोकावतो. बहुतेक वेळा चोर तिथेच सापडतो.

खटक्याच्या शाईपेनाला लोक बॉलपेनचा भाऊ समजतात, सगळा घोळ तिथून सुरू होतो. बॉलपेनची शाई तेलकट आणि दाट, टोक आठवडाभर बाहेर राहिलं तरी तिला फरक पडत नाही. शाईपेनची शाई म्हणजे रंगीत पाणी. निब उघडी राहिली की ती वाळणार. साध्या शाईपेनाला टोपण असतं ते याचसाठी. या पेनाला टोपण नाही, त्याऐवजी तोंडाच्या आत एक इवलीशी झडप असते. निब आत गेली की ती मिटते आणि निबेला कोरडी हवा लागू देत नाही. पायलट या जपानी कंपनीने १९६३ मध्ये कॅपलेस नावाचं खटक्याचं शाईपेन आणलं, तेव्हापासून या जातीच्या पेनांचं नशीब त्या झडपेला बांधलेलं आहे.

कॅपलेसच्या किमतीत सोन्याच्या निबेचा वाटा मोठा. स्वस्त पेनांत निब स्टीलची असते आणि त्याबद्दल माझी काडीची तक्रार नाही, स्टीलची निब वर्षानुवर्षं छान लिहिते. काटकसर नडते ती झडपेत. आणि घेणारा निबेवरची नक्षी बघत बसलेला असतो.

झडप न तपासता शाई भरणं

पेन हातात आलं की पहिल्या पाच मिनिटांत शाई भरायची घाई कशाला? शाईने माखलेलं पेन कोणी परत घेत नाही, एवढं तरी ध्यानात ठेवा. पेन कोरडं असतानाच खटका अगदी हळू दाबा. झडप निबेच्या वाटेतून बाजूला व्हायला हवी, निब तिला खरवडत बाहेर येता कामा नये. मग हळूच सोडा. झडप पुरती मिटली का ते तोंडात बघा. असं वीसेक वेळा करा. एकदा जरी ती अर्धवट उघडी राहिली, तरी ते पेन मी घेत नाही. "वापरून वापरून सैल होईल" असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. सैल होईल हे खरं, पण ते आपल्याला नकोच आहे.

शाई भरल्यावर माझी एक जुनी खोड आहे. निब आत घेऊन पेन तोंड वर करून पेल्यात उभं ठेवतो आणि तीन रात्री त्याला हात लावत नाही. चौथ्या सकाळी पहिल्या रेघेला शाई यायला हवी. पहिलं अक्षर जरा फिकं उमटलं तर चालवून घेतो. पण कागदाच्या कोपऱ्यात गिरगिटत बसावं लागलं, तर झडपेतून हवा जाते आहे हे नक्की. रोज लिहिणाऱ्याला हा दोष कळतसुद्धा नाही, कारण एका रात्रीत निब पुरती वाळत नाही. सुट्टीवरून परत आल्यावर कळतो, आणि मग शिव्या निबेला पडतात.

"तीन रात्री कोण थांबणार?" असं मला विचारतात. नका थांबू. पुढे वर्षभर दर सोमवारी पेन झटकत बसा.

क्लिपकडे शोभेची वस्तू म्हणून बघणं

ही चूक मी स्वतः केली, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

या पेनांत क्लिप निबेच्या बाजूला असते. ते उगाच नाही. खिशात अडकवल्यावर निब वर राहावी, शाई झडपेकडे उतरू नये, यासाठी ती तशी असते. पण त्याचाच अर्थ असा, की लिहिताना क्लिप तुमच्या बोटांत येणार. अंगठा एका बाजूला, तर्जनी दुसऱ्या बाजूला आणि मधली जागा क्लिपची, अशी पकड असेल तर आठवड्याभरात ती जाणवेनाशी होते. माझी पकड तशी नाही. माझा अंगठा तर्जनीवर चढतो. शाळेत त्यावरून बोलणी खाल्ली, पण सवय गेली नाही.

तर मी फोटोतल्या निळ्या रंगावर भाळून एक पेन मागवलं. क्लिप अंगठ्याला टोचायची. सवय होईल म्हणत राहिलो. झालं उलटंच. टोचू नये म्हणून मी नकळत पेन बोटांत थोडं फिरवून धरायला लागलो. त्यामुळे निब कागदावर सपाट न टेकता कडेवर टेकायला लागली आणि खरखरायला लागली. मला वाटलं, स्वस्तातली निब, दुसरं काय असणार! बारीक पॉलिश कागद आणला आणि निब घासली. थोडं बरं वाटलं. पुन्हा घासली. आता ती माझ्या वाकड्या पकडीत लोण्यासारखी चालत होती आणि मी स्वतःवर बेहद्द खूश होतो. पुढे कार्यालयातल्या एक बाई सही करायला ते पेन घेऊन गेल्या आणि लगेच परत आणून दिलं, "चालत नाही हो हे." त्यांनी ते सरळ धरलं होतं. सरळ धरल्यावर निबेचं टोक कागदाला धड टेकतच नव्हतं, तेवढं मी ते झिजवून ठेवलं होतं. चांगली निब मारली ती क्लिपने नाही, मीच मारली.

तेव्हापासून कोणी विचारलं की मी आधी काडेपेटीची काडी आणायला सांगतो. हातातल्या कुठल्याही पेनावर, बोटं धरतात तिथेच, ती काडी चिकटपट्टीने लांबीच्या दिशेने चिकटवा आणि दोन पानं लिहा. एक ओळ नाही, दोन पानं. त्रास झाला नाही तर कुठलंही पेन घ्या. झाला तर प्लॅटिनम कंपनीच्या क्युरिडाससारखं क्लिप काढता येणारं, नाहीतर मॅजोन कंपनीच्या ए१चा बिनक्लिपचा प्रकार बघा. बिनक्लिपचं पेन टेबलावरून घरंगळतं आणि खिशात हवं तसं लोळतं, ती किंमत मोजावी लागते. क्लिप पक्कडीने उपटणाऱ्यांबद्दल मी काही बोलत नाही.

वजनाचंही असंच आहे, फोटोत ते दिसत नाही. धातूचं कॅपलेस साधारण ३० ग्रॅमचं, त्याचं सडपातळ भावंड डेसिमो २१ ग्रॅमच्या आसपास. तासभर लिहिणाऱ्या हाताला हा फरक कळतो. स्वस्तात हलकं हवं असेल तर प्लास्टिकच्या अंगाचं घ्या, त्यात कमीपणा काही नाही.

डब्यातली धातूची टोपी फेकून देणं

कॅपलेससारख्या पेनांच्या डब्यात पातळ धातूची एक नळकांडी टोपी येते. ती कार्ट्रिजवर, म्हणजे शाई भरलेल्या तयार नळीवर, चढवायची असते, कारण खटका मागून जो जोर देतो तो त्या टोपीने झेलायचा असतो. एका तरुण मित्राने ती पॅकिंग समजून टाकून दिली, नुसती कार्ट्रिज घातली आणि निब धड बाहेर येत नाही म्हणून खटका अंगठ्याने रेटत राहिला. कार्ट्रिज चेपली, शाई पेनाच्या पोटात सांडली आणि तिथून झडपेपर्यंत पोचली. तो पेन घेऊन आला तेव्हा त्याच्या अंगठ्यावरूनच मला सगळी हकिगत कळली होती. डबा रिकामा दिसला तरी दोनदा झटकून बघा.

कार्ट्रिज घ्यायची की कन्व्हर्टर, म्हणजे बाटलीतली शाई ओढून घेणारी नळी, यावर मी भांडत नाही. फक्त आकडे माहीत असू द्या. पायलटच्या कार्ट्रिजमध्ये साधारण ०.९ मिली शाई मावते, कॉन-४० कन्व्हर्टरमध्ये ०.४ च्या आसपास. मोठा कॉन-७० या पेनात बसतच नाही, तो उगाच मागवू नका. पायलटची कार्ट्रिज पायलटच्या मापाची, प्लॅटिनमची प्लॅटिनमच्या. मी रिकामी झालेली कार्ट्रिजच सिरिंजने पुन्हा भरतो. वेळ जातो, पण शाई जास्त दिवस पुरते.

सगळं पेन नळाखाली धरणं

धुवायचा असतो तो निबेचा भाग, म्हणजे निब, तिच्याखालची जीभ आणि मागची नळी. हा भाग एकसंध बाहेर निघतो. तो साध्या, थंड पाण्यात पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवा आणि टिपकागदावर रात्रभर ठेवा. बाकीच्या अंगात स्प्रिंगा आहेत, तिथे पाणी शिरलं की ते लवकर बाहेर पडत नाही. तोंडाशी वाळलेली शाई कापसाच्या ओलसर काडीने टिपायची, तीही झडपेला न रेटता. खटक्याची यंत्रणा खोलून बघायची हौस असेल तर दुसरं पेन जवळ असू द्या.

आता बारीकसारीक. चकाकणाऱ्या कणांची शाई या पेनात नको. चित्रकारांची, लाख असलेली काळी शाई कुठल्याच शाईपेनात नको. जपानी बारीक निब युरोपातल्या बारीक निबेपेक्षा बारीक असते, हे माहीत नसताना "फार खरडते" म्हणू नका. निब बाहेर ठेवून फोनवर गप्पा मारायच्या नाहीत. आणि विचार करताना खटखट खटखट करायची ज्यांना सवय आहे, त्यांनी हातात बॉलपेन ठेवावं. दर खटक्यागणिक थोडी शाई निबेवरून आतल्या भिंतीला लागते, वाळते आणि एक दिवस झडप चिकटते.

धुऊन परत बसवताना बरेचजण अडतात तेही सांगून ठेवतो. निबेच्या भागावर एक लहानसा उंचवटा असतो आणि पुढच्या अंगात क्लिपच्या खाली त्याच्या मापाची खाच. उंचवटा खाचेत बसला की भाग सरळ आत उतरतो. न बसवताच पेन पिळून बंद केलं तर निब तिरकी येते, झडपेला अडकते आणि माझ्यापुढे पुन्हा "निब खराब निघाली" येऊन उभं राहतं. पेन बंद करताना जोर लावावा लागतोय असं वाटलं की थांबा, उघडा, खाच शोधा आणि पुन्हा बसवा.