गोबर गॅसवर लेझर लावायला निघण्याआधी

गोबर गॅस प्लांटातलं आणि त्याच्या फटींजवळचं मिथेन लेझरने मोजायला वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीकडच्या गावात मे महिन्यात पुन्हा जायचंय, त्यासाठी ही यादी. लॅपटॉप, चार्जर, दुपट्टा, पाणी हे मी लिहिणार नाही.

सगळ्यात आधी गाडीत जाईल तो फ्रिंजचा डबा. म्हणजे लेझरचा थोडा प्रकाश कपलरने फोडून ज्या फायबरच्या मॅक-झेंडर इंटरफेरोमीटरमधून जातो तो (प्रकाश कमी-जास्त लांबीच्या दोन फायबरांतून नेऊन पुन्हा एकत्र करतो; तरंगलांबी सरकली की बाहेरचा प्रकाश उजळ-मंद होत राहतो, तीच फ्रिंज), त्याचा डिटेक्टर, त्याची केबल आणि डिजिटायझरवर, म्हणजे सिग्नल आकड्यांत नोंदवणाऱ्या यंत्रावर, त्याच्यासाठी राखलेलं इनपुट. मागच्या खेपेला तो लॅबच्या टेबलावरच राहिला. करंटला किती तरंगलांबी याचा तक्ता होता, म्हणून तसंच मोजलं, आणि तो सगळा डेटा वाया गेला.

कारण नीट समजून घ्या, नाहीतर तुम्हीही 'तक्ता आहे ना' म्हणाल. डीएफबी लेझरला (एकाच नेमक्या तरंगलांबीचा छोटा सेमीकंडक्टर लेझर) करवती आकाराचा करंट दिला की तरंगलांबी सरकते, मिलिअँपिअरला साधारण ०.०१ नॅनोमीटर. करवतीचा एक दात म्हणजे एक स्कॅन. पण हे सरकणं मुख्यतः चिप तापण्यामुळे होतं, आणि तापायला वेळ लागतो. सावकाश स्कॅनमध्ये चिप करंटच्या मागोमाग येते. सेकंदाला १० हजार स्कॅन करायला गेलात की ती मागे पडते: एकूण पल्ला आखडतो आणि स्कॅनच्या सुरुवातीला तरंगलांबीचा सरळ आलेख वाकतो. सावकाश काढलेला तक्ता इथे खोटा ठरतो. डिजिटायझर फक्त वेळ मोजतो, वारंवारता नाही. मिथेनचं प्रमाण निघतं शोषण-रेषेच्या (मिथेन ठराविक तरंगलांबीचा प्रकाश शोषतं, तिथे सिग्नलमध्ये पडणारा खळगा) क्षेत्रफळातून, आणि आडवा अक्ष १० टक्के ताणला गेला तर उत्तरही १० टक्के चुकलं. फ्रिंजला मात्र स्कॅनच्या वेगाशी देणंघेणं नाही. दोन फायबरांच्या लांबीत १ मीटरचा फरक ठेवला, काचेचा अपवर्तनांक १.४६८ धरला, तर दर २०४ मेगाहर्ट्झला एक फ्रिंज. ३० गिगाहर्ट्झच्या स्कॅनमध्ये जवळपास दीडशे खुणा, त्याच क्षणाच्या, त्याच स्कॅनच्या. म्हणून डबा. आधी डबा.

डबा नेला म्हणजे झालं असंही नाही. फ्रिंज चॅनेलची, म्हणजे डब्याकडून येणाऱ्या सिग्नलची, सरासरी घ्यायची नाही. गॅसच्या चॅनेलची घ्या, हजार स्कॅनची घ्या, काही हरकत नाही. पण फायबर तापतं, कूलरच्या मोटरने थरथरतं, आणि फ्रिंज डावी-उजवीकडे सरकत राहतात. एक स्कॅन ०.१ मिलिसेकंदात संपतो, तेवढ्यात कूलर काय करणार? त्या एका स्कॅनमध्ये खुणा जागच्या जागी असतात, दोन खुणांमधलं अंतरही बदलत नाही. हजार स्कॅन एकावर एक टाकले की सगळं पुसून सपाट होतं. म्हणून फ्रिंजचे स्कॅन कच्चे, सुटे साठवायचे. डिस्क मोठी न्या. 'जागा नाही म्हणून सरासरी लावली' हे ऐकून घेणार नाही.

डिटेक्टरचा गेनही (सिग्नल किती पट वाढवायचा ते) बघा. दीडशे फ्रिंज १०० मायक्रोसेकंदात म्हणजे दीड मेगाहर्ट्झ झाले. गेन चढवला की बहुतेक डिटेक्टर मंद होतात, मग पडद्यावर फ्रिंज दिसतच नाहीत आणि माणूस कनेक्टर पुसत बसतो. सॅम्पलिंग सेकंदाला किमान २ कोटी नमुने. डिटेक्टर इंडियम गॅलियम आर्सेनाइडचे. सिलिकॉनला ही तरंगलांबी दिसत नाही.

लेझर १६५३.७ नॅनोमीटरचा. बाहेर पंचेचाळीस अंश असताना त्याला थंड ठेवणारी पेल्टिअर चिप २५ अंश धरून ठेवायला धडपडेल आणि हरेल. 'मग ३५ वर ठेवू' असं वाटेल, पण अंशाला ०.१ नॅनोमीटर सरकतं, १० अंशांत १ नॅनोमीटर, आणि रेषा स्कॅनच्या बाहेर. त्यापेक्षा लेझर घराच्या आतल्या खोलीत, मातीच्या भिंतीच्या सावलीत ठेवा. कूलरच्या वाऱ्यात नको, तिथे पाण्याचे तुषार उडतात.

फायबर वापरतो ते याच्यासाठीच: वीज, लेझर, लॅपटॉप सगळं घरात, आणि गोठ्यामागच्या प्लांटपर्यंत फक्त काच जाते. हवेत ५ ते १५ टक्के मिथेन असलं की एक ठिणगी पुरते, तेव्हा टाकीजवळ पंखा, सोल्डरिंग, एक्स्टेन्शन बोर्ड काही नाही. तरंगत्या टाकीच्या प्लांटला टाकी आणि भिंतीच्या फटीतून गॅस सुटतोच, दीनबंधू प्लांटाच्या पक्क्या घुमटाला पाइपाच्या सांध्याशी बघा. फायबर जमिनीवर टाकू नका. गवळाऊ बैलाचा खूर पडला की संपलं. कुंपणाच्या तारेवरून न्या, आणि वळणं मोठी ठेवा. १६५० नॅनोमीटरच्या आसपास साधं सिंगल-मोड फायबर वळणात १३१० पेक्षा जास्त प्रकाश गाळतं. लेझर चालू असताना फायबरच्या टोकात डोकावू नका, दिसत नाही म्हणून काय झालं.

लांबीचा हिशोब: गॅसकडे जाऊन येणारं फायबर फ्रिंजच्या वाटेपेक्षा २० मीटर जास्त असेल तर सिग्नल ०.१ मायक्रोसेकंद उशिरा येतो. १० किलोहर्ट्झला (सेकंदाला १० हजार स्कॅन) तेवढ्यात वारंवारता ३० मेगाहर्ट्झ सरकली, चालून जाईल. १०० किलोहर्ट्झला ३०० मेगाहर्ट्झ, म्हणजे फ्रिंजच्या दीडपट. वाढीव फायबर दुसऱ्या वाटेला जोडा किंवा लांबी वहीत लिहा. लिहाच.

कनेक्टर सगळे हिरवे, तिरक्या तोंडाचे. सरळ तोंडाच्या निळ्यात हिरवा घुसवायचा नाही. धूळ बसली की दोन तोंडांमध्ये प्रकाश उलटसुलट फिरून स्वतःच्याच नकली फ्रिंज तयार करतो, त्या शोषणाच्या रेषेसारख्या दिसतात आणि खऱ्या फ्रिंज चॅनेलशी तुलना केल्याशिवाय ओळखू येत नाहीत. (चॅनेल नसेल तर कशाशी तुलना करणार, सांगा.) लिंट-फ्री वाइप आणि आयसोप्रोपिल. दुपट्ट्याने पुसणाऱ्याला परत आणणार नाही.

सेल, म्हणजे ज्या नळीत प्रकाश गॅसमधून जातो ती, आखूड न्या. गोबर गॅसमध्ये मिथेन ५५ ते ६० टक्के असतं. मीटरभर सेलमध्ये रेषेचा तळ शून्याला टेकतो, मग मोजायचं काय? फटीजवळच्या हवेसाठी मात्र लांब वाट लागते, तेव्हा दोन्ही सेल. गॅस ओला असतो, आधी पाणी उतरवायची बाटली, नाहीतर काचेवर थेंब, मग हायड्रोजन सल्फाइड अडवायला लोखंडी किसाचा फिल्टर.

वीज जाईल. बॅटरी न्या. इन्व्हर्टरवर गुणगुण येते, जमलं तर लेझर थेट बॅटरीवर.

काकाजी विचारतील, 'काहून हो सर, गॅस कमी निंगते का आमचा?' आकडा घाईने सांगू नका, चूल त्यांची आहे.

मोजमापाच्या सुरुवातीला आणि शेवटी साध्या हवेचं वाचन. वेळ, तापमान, दाब वहीत. फाइली दोन डिस्कवर. टोपणं कनेक्टरवर, लेझर बंद, करंट आधी शून्य. पाइपाचा सांधा साबणाच्या पाण्याने तपासून मगच निघा, आणि ज्यांचा पान्हा घेतला त्यांना तो देऊन या.