आडनावातला ‘वार’: तेलंगणातून आलेल्या घराण्याचा माग कसा काढावा

चंद्रपूर, गडचिरोली आणि यवतमाळ या जिल्ह्यांच्या दक्षिण भागात ‘वार’ने संपणारी आडनावे गावोगाव आढळतात. त्यांपैकी पुष्कळ घरांत ‘आपण मुळचे तेलंगणातले’ एवढेच सांगितले जाते. कोणत्या गावचे आणि कधी आलो, हे आजोबांच्या पिढीबरोबर विसरले गेलेले असते. अशा घराण्याचा शोध घ्यायचा असेल, तर कचेरीत जाण्यापूर्वी आडनावाची फोड करून पाहावी.

तेलुगूत आडनावाला ‘इंटि पेरु’, म्हणजे घराचे नाव, म्हणतात आणि ते व्यक्तीच्या नावाआधी येते. घराण्याचा आदराने उल्लेख करताना त्याला ‘वारु’ जोडतात. ‘कोत्तपल्लि वारु’ म्हणजे कोत्तपल्लीच्या घरची मंडळी. मराठी मुलखात आडनाव शेवटी गेले, ‘वारु’तला उकार गळाला आणि ‘कोत्तपल्लीवार’ तयार झाले. म्हणून ‘वार’ बाजूला काढून उरलेला शब्द तेलुगू जाणणाऱ्याला विचारावा: मुत्यालवारमध्ये मोती निघतात, कोंडावारमध्ये डोंगर. हा ‘वार’ एका जातीची खूण नाही, तो कोमट्यांत आहे तसा पद्मशालींतही आहे. खंडेलवाल, बघेरवाल यांतला ‘वाल’ मात्र निराळा. तो राजस्थानातल्या खंडेला, बघेरा या गावांकडे नेतो.

उरलेल्या शब्दात ‘पल्ली’ किंवा ‘पेट’ असेल तर मूळ गाव सापडल्याचा आनंद होतो, पण तो आवरावा. ‘कोत्त’ म्हणजे नवे आणि ‘पल्ली’ म्हणजे गाव. आपल्याकडे जशी ठिकठिकाणी नवेगावे आहेत, तशीच तिकडे कोत्तपल्ली आहेत.

लेखनभेदाने होणारी फसगत मी घरातच पाहिली आहे. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर ‘कोत्तपल्लीवार’, वडिलांच्या दाखल्यावर ‘कोतपल्लीवार’ आणि माझ्या दाखल्यावर ‘कोटपल्लीवार’ असे लिहिलेले आहे. त्या शेवटच्या ‘ट’वरून एका काकांनी आमचे पूर्वज बल्लारपूरच्या कोटाचे पहारेकरी ठरवून टाकले होते. सर्वांत जुन्या कागदावरचे रूप प्रमाण मानावे, पण शोधताना सगळी रूपे वापरावीत.

जुना कागद कुठे मिळेल हे गाव पूर्वी कोणाच्या अमलाखाली होते यावर ठरते. वर्धा नदीच्या पूर्वेकडचा चांदा (आजचे चंद्रपूर-गडचिरोली) जिल्हा इंग्रजी अमलातल्या मध्य प्रांतात होता आणि तिथे मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा मालगुजारामार्फत भरण्याची पद्धत, होती. पश्चिमेकडचे वणी, पांढरकवडा वऱ्हाडात होते आणि तिथे रयतवारी, म्हणजे शेतकऱ्याने सारा थेट सरकारला भरण्याची पद्धत, होती. राजुरा तर 1956 पर्यंत हैदराबादकडे, आदिलाबाद जिल्ह्यात होता, त्यामुळे तिथले निजामकालीन कागद उर्दूत असू शकतात, आणि त्या लिपीत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नसल्याने तेलुगू नाव दोन-तीन प्रकारे वाचता येते. मध्य प्रांत-वऱ्हाडातल्या गावांसाठी तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात कोतवाल पंजीच्या, म्हणजे जन्ममृत्यूच्या नोंदवहीच्या, नकलेसाठी अर्ज करावा. तिच्यात पुष्कळदा आडनाव नसते, फक्त नाव, बापाचे नाव आणि जात असते. म्हणून खापरपणजोबांपर्यंतची नावे घरातल्या वृद्धांकडून आधीच लिहून घ्यावीत. शेती असलेल्या घरांनी 1954-55 ची अधिकार अभिलेख पंजी, म्हणजे जमिनीच्या हक्कांची नोंदवही, अवश्य पाहावी. त्र्यंबकेश्वरला किंवा गयेला कोणी गेले असल्यास तिथल्या उपाध्यायांच्या वहीत घराण्याची नोंद असण्याची शक्यता असते.

आज हे आडनाव कुठे किती आहे, हे जनगणनेतून कळणार नाही, कारण जनगणना आडनावांचे आकडे प्रसिद्ध करत नाही. त्यासाठी मतदार यादी घ्यावी. सिरोंचा, अहेरी, गोंडपिपरी, राजुरा आणि झरी-जामणी या तालुक्यांच्या याद्या गावनिहाय चाळून मतदार न मोजता घरे मोजावीत, कारण एका मोठ्या एकत्र कुटुंबामुळे गावाचा आकडा उगाच फुगतो. मोजलेली घरे नकाशावर मांडल्यावर ती एखाद्या नदीकाठाने किंवा बाजाराच्या गावांच्या ओळीने दिसली, तर त्या ओळीच्या तेलंगणाकडच्या टोकापलीकडे मूळ गाव शोधावे. सिरोंच्याला दाट वस्ती निघाली, तर गोदावरीपलीकडे काळेश्वरमच्या बाजूला चौकशी करावी. राजुऱ्याला निघाली, तर आसिफाबादच्या बाजूला. तिकडे विचारताना ‘वार’ गाळून नुसते घराचे नाव सांगावे, कारण ‘कोत्तपल्लीवार’ तिथे कोणाला ओळखीचे वाटत नाही, पण ‘कोत्तपल्लि’ म्हणताच कोणत्या आळीतले, असा प्रश्न येतो.